जुन्या ट्रॅक्टरचा चावी स्विच बदलताय? आधी तो खरंच गेलाय का ते बघा

मागच्या साली हस्ताचा पाऊस चांगला झाला, चार-पाच दिवसांनी रानाला वाफसा आला, शाळूचं बी घरात आणून ठेवलेलं, आणि नेमका त्याच सकाळी ट्रॅक्टर चालू व्हायला तयार नाही. चावी पहिल्या खटक्यावर आणली की डॅशवरचे दोन्ही लाल दिवे व्यवस्थित लागायचे, पण पुढं सेलला (इंजिन फिरवायच्या खटक्यावर) फिरवली की काही नाही, टक्क असा आवाजसुद्धा नाही. चार-पाच वेळा चावी मागंपुढं केली की एखाद्या वेळी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरायचा, आणि मग आम्ही दिवसभर ट्रॅक्टर बंदच करायचो नाही, जेवायच्या सुट्टीत पण तसाच घुरघुरत ठेवायचा, डिझेल गेलं तर गेलं. असं तीन दिवस काढलं. चौथ्या दिवशी स्विच बदलला, दीड तासाचं काम, आणि स्विचला पैसे किती तर दोनशेच्या आसपास.

पण खरं सांगायचं तर त्याच्याही तीन वर्षं आधी मी एक स्विच बदललेला, तो मात्र उगाच. तेव्हा दोष निघाला बॅटरीपासून बॉडीला येणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, बोल्टाखाली हिरवा गंज धरलेला. नवा स्विच बसवून चावी फिरवली, परत तेच, आणि शेजारचे अण्णा बांधावर उभं राहून म्हणतात, "आरं, आधी टर्मिनल बघायचं असतंय." म्हणून या लेखात निम्मा भाग बदलायचा कसा याचा आहे आणि निम्मा भाग बदलायचा का याचा. घाई असंल तरी तपासणीचा भाग वाचाच.

हा स्विच नक्की करतो काय

डिझेल ट्रॅक्टरला "इग्निशन स्विच" हे नाव तसं उसनंच आहे. पेट्रोल गाडीत ठिणगीला करंट लागतो, डिझेलमध्ये ठिणगीच नाही, हवा दाबून इतकी गरम होते की डिझेल आपोआप पेटतं. म्हणून तर आपल्या जुन्या मशिनात चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं आणि स्टॉपची नॉब ओढावी लागते. (आणि म्हणूनच नॉब ओढून इंजिन बंद केल्यावर चावी तशीच चालू राहते आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते, हे प्रत्येकाच्या घरी एकदा तरी झालंय.)

मग चावी करते काय, तर बॅटरीचा करंट दोन-तीन ठिकाणी वाटते. पहिल्या खटक्यावर डॅशचे दिवे, मीटर, ऑइलचा दिवा, चार्जिंगचा दिवा. दुसऱ्या, म्हणजे दाबून धरायच्या स्प्रिंगच्या खटक्यावर सेल्फच्या सोलेनॉइडला (करंट मिळाला की आतला दांडा ओढून सेल्फची मोठी लाईन जोडणारा चुंबकी स्विच). काही मॉडेलला मधी हिटरचा पण एक खटका असतो, थंड प्रदेशासाठी, आपल्याकडं तो फारसा कुणी वापरत नाही आणि त्याची वायर बऱ्याचदा तशीच लोंबकळत असते. अगदी जुन्या मशिनात चावीनं फक्त लाईन चालू होते आणि सेल मारायला वेगळं बटण असतं. तसं असंल तर सेल्फ न फिरण्याचा दोष बटणात पण असू शकतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सेल्फ फिरवायला लागणारा दोनशे, तीनशे, कधी त्याहून जास्त अँपिअरचा करंट या स्विचमधून जातच नाही. तो बॅटरीपासून जाड केबलनं थेट सोलेनॉइडवर जातो. स्विच फक्त सोलेनॉइडला "ओढ" म्हणून सांगतो. पण ते सांगणं पण काही हलकं नाही, सोलेनॉइड ओढून घेताना क्षणभर तीस-चाळीस अँपिअर खातो, मग एकदा आत बसला की त्याचं ओढायचं वेटोळं आपोआप सुटतं आणि नुसतं धरून ठेवायचं वेटोळं राहतं, तेव्हा करंट दहाच्या आसपास येतो. आता बॅटरी डाऊन असली तर सोलेनॉइड पूर्ण बसतच नाही, टकटकटक करत राहतो, आणि प्रत्येक टकला तोच मोठा करंट. अशा वेळी आपण दात-ओठ खाऊन चावी धरून ठेवतो ना, तेव्हा स्विचच्या आतले पितळेचे टिकले जळत असतात. माझ्या मते जुने स्विच वयानं जेवढे जात नाहीत तेवढे डाऊन बॅटरीनं जातात.

आता तपासणी: स्विच गेलाय की दुसरंच काही

लागेल काय तर साधा मल्टिमीटर, आणि तो नसला तर एक बारा व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन लांब वायरी. मला तर बल्बच आवडतो, कारण मीटर कधी कधी फसवतो, एका धाग्यावर टिकलेली वायरसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते पण बल्ब पेटवत नाही.

सगळ्यात आधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा, मागचं अवजार खाली टेकवलेलं, आणि स्टॉपची नॉब ओढून ठेवलेली म्हणजे तपासताना इंजिन चालू होणार नाही. पोरं-बाळं लांब.

पहिली बॅटरी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी साडेबाराच्या वर, १२.६ च्या आसपास पाहिजे. बारालाच असली तर ती उतरलेली आहे, आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बोला. मग टर्मिनल. हातानं हलवून बघा, हललं तर तिथंच उत्तर. पांढरी बुरशी असली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका, कोरडं करून पोलिश पेपर मारा. आणि ती अर्थिंगची पट्टी, जिथं बॉडीला बोल्ट आहे तिथं सोडवून खालचा रंग-गंज खरवडून परत आवळा. माझ्या त्या फुकट गेलेल्या स्विचची आठवण ठेवून करा.

मग हेडलाईट लावा आणि कुणाला तरी चावी सेलला फिरवायला सांगा. लाईट एकदम मंद झाले आणि टक्क करून थांबलं किंवा टकटक झालं, तर बॅटरी, टर्मिनल, केबल नाहीतर खुद्द सेल्फ. स्विचनं त्याचं काम केलंय. लाईट जसेच्या तसे राहिले आणि काहीच आवाज नाही, तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नाही, आता स्विचवर संशय घ्यायला हरकत नाही.

पण थांबा, मधी अजून एक माणूस बसलाय. बऱ्याच ट्रॅक्टरला क्लचच्या पॅडलजवळ किंवा गिअरच्या लिव्हरजवळ सेफ्टी स्विच असतो, क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल असल्याशिवाय सेल लागत नाही. ही कल्पना जुनीच आहे, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ पासून बनलेल्या फर्ग्युसन टीई २० ला तर गिअरची लिव्हरच "एस" च्या घरात ढकलून सेल मारायचा, म्हणजे गिअरमध्ये असताना सेल लागायची सोयच नाही. आपल्याकडं काय झालं की चिखलानं हा छोटा स्विच खराब होतो आणि कुणीतरी मिस्त्री दोन्ही वायरी एकत्र पिळून टेप मारून देतो. तुमच्या ट्रॅक्टरला तसं केलेलं असंल तर हे काम करतानाच तो पण नवीन टाकून घ्या, महाग नसतो.

आता बल्बची टेस्ट. बल्बची एक वायर स्वच्छ बॉडीला, दुसरी सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला (जाड नटांच्या बाजूला जी एकच बारीक वायर येते ती). चावी सेलला धरा. बल्ब झगझगीत पेटला आणि सोलेनॉइड गप्प, तर दोष सोलेनॉइडात किंवा सेल्फात, स्विचला हात लावू नका. बल्ब पेटलाच नाही किंवा काजव्यासारखा पेटला, तर मागं मागं या. सेफ्टी स्विचच्या दोन्ही बाजू, मग डॅशच्या मागं स्विचचं सेलचं टर्मिनल, मग स्विचचं बॅटरीकडून येणारं टर्मिनल. बॅटरीच्या टर्मिनलवर बल्ब फुल पेटतो आणि चावी धरली असताना सेलच्या टर्मिनलवर पेटत नाही, तर मग स्विच गेला. याला म्हणायचं निदान.

मल्टिमीटर असला तर अजून बारीक कळतं. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला, स्टॉप ओढून सेल मारा. मारत असताना मीटर अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवत असंल तर वाट चांगली आहे. दीड-दोन व्होल्ट दाखवले तर तेवढे व्होल्ट वाटेत कुठंतरी गरम होऊन वाया चाललेत, आणि ती जागा बहुतेक स्विच किंवा त्याची ढिली थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी). माझ्या ट्रॅक्टरला दोनाच्या वर दाखवत होता.

आणि एक. चावी फिरवताना डॅशचे दिवे पण लुकलुकत असतील, चावी थोडी हलवली की येतात-जातात, तर स्विच आतून सैल झालाय, तिथं जास्त तपासायची पण गरज नाही.

स्क्रूड्रायव्हर लावून सेल मारायचा नाही

हे मधीच सांगतो कारण स्विच गेला की पहिलं हेच सुचतं. खाली उभं राहून सोलेनॉइडच्या दोन टर्मिनलला पाना नाहीतर स्क्रूड्रायव्हर लावला की सेल्फ फिरतो, सगळ्यांना माहितीये. पण त्यात सेफ्टी स्विच बाजूलाच राहतो, ट्रॅक्टर गिअरमध्ये असला तर डिझेल इंजिन पहिल्याच फेऱ्यात पकडतं, आणि आपण उभं असतो नेमकं मागच्या मोठ्या चाकाच्या पुढं. पळायला वेळ मिळत नाही. यात माणसं गेलीत. ट्रॅक्टर रानात अडकला तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून किंवा उतारावर सोडून चालू करा, किंवा सरळ स्विच आणायला जा.

स्विच आणताना

जुना स्विच काढून खिशात घालून दुकानात जा, हा सगळ्यात सोपा उपाय. नुसतं मॉडेलचं नाव सांगून आणलेला स्विच बसेलच असं नाही, कारण वीस-पंचवीस वर्षांत कुणीतरी तो एकदा-दोनदा बदललेलाच असतो आणि बदलताना जे मिळालं ते बसवलेलं असतं. चार गोष्टी जुळवा. डॅशच्या भोकात बसणारी जाडी, पट्टीनं मोजा. मागं टर्मिनल किती आणि स्क्रूचे आहेत की चपट्या पिनचे. चावीचे खटके किती, बंद-चालू-सेल एवढेच की हिटर पण. आणि बाजूला ती छोटी खाच किंवा चपटी बाजू, जिच्यामुळं स्विच भोकात गरगर फिरत नाही.

चार टर्मिनल म्हणजे सगळे चार टर्मिनल सारखे असं नसतं, हे लक्षात ठेवा. काहींवर बी, आयजी, एसटी असं छापलेलं असतं: बी म्हणजे बॅटरी, आयजी म्हणजे चावी चालू झाल्यावर मिळणारी लाईन, एसटी म्हणजे सेल. काहींवर जर्मन पद्धतीचे आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून, १५ म्हणजे चावीनंतरची लाईन, ५० म्हणजे सेल, १९ असला तर हिटर, ५८ असला तर लाईट. काहींवर काहीच नसतं. म्हणून दुकानातच, काउंटरवरच, मीटर बझरला (दोन टोकं आतून जुळली की वाजतो तो खटका) लावून बघा. बंद असताना बॅटरीचं टर्मिनल कशालाच जुळता कामा नये. चालूवर बॅटरी आणि आयजी जुळले पाहिजेत. सेलला धरल्यावर बॅटरी, आयजी आणि एसटी तिन्ही. सोडल्यावर एसटी लगेच सुटलं पाहिजे आणि चावी स्वतःहून मागं आली पाहिजे, दहा वेळा करून बघा, एकदाही अडकली तर तो परत ठेवा आणि दुसरा मागा. दुकानदार जरा बघतो आपल्याकडं, बघू दे.

ज्या ट्रॅक्टरला इंजिनाच्या डिझेल पंपावर इलेक्ट्रिक स्टॉप आहे, म्हणजे चावी बंद केली की इंजिन बंद होतं, त्यांनी एक जास्तीचं बघायचं. सेल मारताना आयजी सुटत नाही ना? सुटत असंल तर सेल मारताना पंपाला करंटच मिळणार नाही, इंजिन नुसतं फिरत राहील आणि पकडणार नाही, आणि तुम्ही डिझेलची हवा काढत बसाल.

अजून एक दुखणं. जुन्या ट्रॅक्टरच्या बऱ्याच स्विचना एकच चावी चालते. गावातल्या कुणाच्याही चावीनं कुणाचाही ट्रॅक्टर चालू होतो. वेगळ्या चावीचा स्विच मिळत असंल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या.

प्रत्यक्ष बदलणं

सामान फार नाही: दहा, बारा, तेराचे पाने, दोन्ही प्रकारचे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं, थिंबल दाबायचं प्लायर, पाच-सहा थिंबल, थोडी स्लीव्ह (वायरीवर चढवायची नळी), पोलिश पेपर, कागदी टेप आणि पेन. आणि मोबाईल, फोटोला.

घड्याळ, अंगठी, हातातलं कडं काढून ठेवा. मग बॅटरीची मायनस केबल आधी सोडवा आणि बाजूला कापडात गुंडाळून ठेवा. मायनस आधी का, तर प्लस सोडवताना पाना चुकून बॉनेटला किंवा बॉडीला लागला आणि मायनस जोडलेलीच असंल तर पाना तिथंच वेल्डिंग होतो, आणि बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेतो तो वेगळाच. लावताना उलटं, प्लस आधी आणि मायनस शेवटी. (अगदी जुन्या काही विलायती मशिनात प्लसच बॉडीला जोडलेला असतो. तिथं जी केबल बॉडीला जाते ती आधी सोडायची आणि शेवटी लावायची.) चालू इंजिनात बॅटरी कधीच सोडवायची नाही, अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) डायोड जातात.

डॅशबोर्ड उघडायची पद्धत मॉडेलप्रमाणं वेगळी. काहींचं पॅनेल चार स्क्रू काढले की पुढं येतं, काहींना बॉनेट उचलून मागून हात घालावा लागतो, आणि तिथं डिझेल टाकीच्या आणि पॅनेलच्या मधी हात जाईल इतकीच जागा असते. पॅनेल ओढताना जपून, मागं मीटरच्या तारेची केबल आणि ऑइल गेजची बारीक नळी असू शकते, ओढली की तुटली. आमच्याकडं पॅनेल निघाल्यावर आधी उंदराचं घरटं निघालं, कापूस, शाळूची पानं, आणि एका वायरीचं कव्हर दोन बोटं कुरतडलेलं. ते पण त्याच दिवशी दुरुस्त केलं.

आता स्विच दिसला की हात लावायच्या आधी फोटो. समोरून एक, बाजूनं एक, टर्मिनलवरचे आकडे दिसतील असा एक. मग एक वायर काढायची, तिला कागदी टेप गुंडाळायचा, त्यावर टर्मिनलचं नाव लिहायचं, मगच दुसरी. सगळ्या एकदम काढून "लक्षात राहील" म्हणणारा माणूस संध्याकाळी कुणाला तरी फोन करतो. रंगावर विश्वास नको. विलायती पद्धतीच्या वायरिंगमध्ये तपकिरी म्हणजे बॅटरीची, पांढरी म्हणजे चावीनंतरची, पांढऱ्यावर लाल रेघ म्हणजे सेलची असा नियम असतो खरा, पण पंचवीस वर्षांच्या ट्रॅक्टरमध्ये तपकिरीच्या जागी निळी आणि निळीच्या जागी घरातल्या फॅनची वायर पण सापडते. एका टर्मिनलला दोन-दोन, तीन-तीन वायरी असतात, त्या एकत्रच टेप करा. जुना स्विच आधीच काढून नेला असंल तर फोटो आणि टेप तेव्हाच करायचे, हे सांगायला नको.

समोरचा गोल नट किंवा रिंग सोडवताना डॅशला ओरखडे पडू नयेत म्हणून पक्कडीच्या दातांना टेप लावा. गंजलेला असंल तर दोन थेंब डिझेल नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे, पाच मिनिटं थांबा. मागून एका हातानं स्विच धरून पुढून नट फिरवा, नाहीतर आख्खा स्विच गोल फिरतो आणि वायरी पिळतात.

जुना स्विच फेकून देऊ नका, एकदा उघडून बघा. मी मागच्या बाजूच्या दुमडलेल्या कडा स्क्रूड्रायव्हरनं उचकटल्या. आत एक पितळेची तीन पायांची चकती, खाली स्प्रिंग, आणि बेसवर पितळेचे टिकले. बॅटरीचा आणि लाईनचा टिकला पिवळाधमक, घासून चमकणारा. सेलचा टिकला मात्र काळा, मधी मोहरीएवढा खड्डा, आणि त्याच्या आजूबाजूचं काळं प्लास्टिक मऊ होऊन खाली बसलेलं, त्यामुळं चकती त्याला नीट टेकतच नव्हती. नाकाला लावला तर जळक्या प्लास्टिकचा वास. तीन दिवस चावी मागंपुढं केली की का लागायचा आणि का लागायचा नाही ते तिथं समजलं. पोलिश पेपर मारून तो परत बसवता येतो का, असं बरेच जण विचारतात. आठवडाभर चालेल, पेरणी निभावेल, पण प्लास्टिक खचलंय ते कसं वर येणार.

नवीन बसवायच्या आधी वायरींची टोकं बघा. टर्मिनलजवळची तांब्याची तार काळी पडली असंल, कडक झाली असंल, तर तेवढी कापून टाका, आतली लालसर चकचकीत तार लागेपर्यंत. मग नवी थिंबल दाबून बसवा, ओढून बघा, निघाली नाही पाहिजे. वायर कापल्यामुळं तोकडी झाली तर ताणून बसवू नका, तेवढ्याच जाडीचा तुकडा जोडा. बॅटरीची आणि सेलची वायर चार स्क्वेअर एमएमची असली म्हणजे निवांत. पिळून टेप मारलेला जोड ट्रॅक्टरवर टिकत नाही, थरथरीनं सुटतो.

मग स्विच भोकात, खाच खाचेत, नट आवळा पण जीव काढू नका, पातळ पत्रा असतो. वायरी टेपवरची नावं बघून लावा. नव्या स्विचवर टर्मिनलची जागा वेगळी असली तरी चालेल, जागा बघायची नाही, नाव बघायचं. स्क्रूवाल्या टर्मिनलला खाली स्प्रिंग वॉशर टाका. दोन शेजारच्या थिंबल एकमेकींना टेकत नाहीत ना, चावी फिरवल्यावर मागचा भाग पत्र्याला लागत नाही ना, बोट फिरवून बघा. हिटरची लोंबकळणारी वायर असली तर तिच्या टोकाला स्लीव्ह घाला आणि बांधून टाका.

पॅनेल बंद करायच्या आधी चाचणी

सगळे जण पॅनेल आवळतात आणि मग चावी फिरवतात. उलटं करा.

मायनस केबल टर्मिनलला आधी नुसती टेकवून बघा, चावी बंद असताना. मोठी ठिणगी उडाली तर काहीतरी शॉर्ट आहे किंवा वायर चुकलीये, लगेच काढा. बारीक किंवा काहीच नाही, तर आवळा. चावी चालूवर: ऑइलचा आणि चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे. चार्जिंगचा दिवा लागला नाही तर दुर्लक्ष करू नका. अल्टरनेटर असलेल्या बऱ्याच ट्रॅक्टरला त्या छोट्या बल्बमधून जाणाऱ्या करंटनंच अल्टरनेटर जागा होतो, बल्ब उडालेला किंवा वायर चुकीच्या टर्मिनलला असली तर चार्जिंगच होत नाही आणि आठ दिवसांनी आपण परत स्विचलाच शिव्या देतो.

आता स्टॉप ओढलेला ठेवून, सीटवर बसून, दोन-तीन सेकंद सेल. फिरला? सोडा. सोडल्यावर लगेच थांबला पाहिजे. थांबला नाही, फिरतच राहिला, तर चावी बंद करा, तरी थांबला नाही तर मायनस काढा, आणि बघा सेलची वायर आयजीला तर नाही ना लागली. इंजिन चालू असताना सेल्फ अडकून राहिला तर सेल्फचा पण आणि फ्लायव्हीलच्या रिंगचा पण बट्ट्याबोळ होतो, म्हणून ही तपासणी इंजिन चालू न करताच करायची.

सगळं ठीक तर स्टॉप आत ढकला आणि चालू करा. एका वेळी दहा सेकंदाच्या वर सेल नको, नाही पकडलं तर अर्धा मिनिट थांबून परत. चालू झालं की चार्जिंगचा दिवा विझला पाहिजे आणि इंजिन जरा रेसवर असताना बॅटरीवर मीटरला १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं पाहिजे. मगच पॅनेल बंद.

रिले टाकायचा का

रिले म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट जोडणारा-तोडणारा छोटा चुंबकी स्विच. मी टाकला, आणि माझं मत विचाराल तर टाकाच. नवीन स्विच पण तोच करंट तोडणार आणि तसाच जळणार, आजकालचे टिकले तर अजून पातळ. चार पिनांचा बारा व्होल्टचा चाळीस अँपिअरचा रिले, सॉकेटसकट, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. रिलेच्या आतलं वेटोळं पाव अँपिअरच्या आतच खातं, म्हणजे स्विचला आता तेवढंच काम.

जोडणी अशी. सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला येणारी जुनी वायर तिथून काढा आणि रिलेच्या ८६ ला लावा. ८५ स्वच्छ बॉडीला. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून, किंवा सोलेनॉइडच्या ज्या जाड नटावर बॅटरीची केबल येते तिथून, चार स्क्वेअरची नवी वायर, मधी तीस अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. बस. यात सेफ्टी स्विच जुन्याच वायरीत राहतो, त्याला धक्का लागत नाही, आणि मुद्दाम असंच करायचं, रिलेला डायरेक्ट बटण जोडून सेफ्टी उडवायची नाही. रिले सायलेन्सरपासून लांब, पाणी साचणार नाही असा, पिना खाली तोंड करून बसवा. मी बॅटरीच्या पेटीच्या मागं बसवलाय, वरून जुन्या ट्यूबचा तुकडा बांधलाय, पावसात पण काही झालं नाही.

चावीच्या भोकात तेल किंवा ग्रीस घालू नका, धूळ धरून चिखल होतो, पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड टाका. चावीला जाड साखळी, घराच्या चार किल्ल्या, बाटली उघडायचं ओपनर असलं काही अडकवू नका, खड्ड्यातून जाताना ते सगळं वजन स्विचच्या बॅरलला हिसके देतं. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीनचा हलका हात.

आणि दहा-पंधरा दिवसांनी, एखादं काम करून आल्यावर, तीन-चार वेळा सेल मारून लगेच डॅशच्या मागं हात घालून स्विचच्या टर्मिनलला बोट लावून बघा. कोमट असंल तर ठीक, चटका बसला तर ती थिंबल ढिली आहे, परत आवळा. माझी एक निघाली होती, बॅटरीचीच.